छोटा प्रीमियम कॅमेरा की डिजिटल रेंजफाइंडर : आठवडाभर हाताळून नेमके काय तपासावे?

सावलीवेडा :

नमस्कार. बदलत्या लेन्सचा मिररलेस कॅमेरा आणि २४-७० मि.मी.ची झूम लेन्स हा माझा नेहमीचा संच आहे. त्याच्या चित्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण एवढीच, की तो बहुतेक वेळ कपाटातच राहतो. मुद्दाम फोटो काढायला म्हणून बाहेर पडलो तरच तो खांद्याला लागतो, आणि टिपावेत असे प्रसंग नेमके एरवीच घडतात. त्यामुळे कायम सोबत राहील असा लहान, पण चित्राच्या दर्जात फारशी तडजोड करायला न लावणारा कॅमेरा घ्यावा, हे बऱ्याच दिवसांपासून मनात घोळते आहे.

आता योग असा आला आहे, की ओळखीच्या छायाचित्रकारांकडून तीन कॅमेरे आठवडाभर हाताळायला मिळणार आहेत. पहिला रिको जीआर ३, म्हणजे एपीएस-सी (पूर्ण आकारापेक्षा लहान) सेन्सर, २८ मि.मी.च्या तोडीची एफ/२.८ लेन्स (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), आणि डोळा लावायला व्ह्यूफाइंडर मुळीच नाही. दुसरा फुजीफिल्म एक्स१००व्ही. सेन्सर त्यातही एपीएस-सीच आहे, परंतु लेन्स ३५ मि.मी.च्या तोडीची आणि एफ/२ आहे, शिवाय एका खटक्यासरशी ऑप्टिकलचा इलेक्ट्रॉनिक होणारा व्ह्यूफाइंडर आहे. तिसरा लायका एम१०, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करण्याचा रेंजफाइंडर, ज्यात पूर्ण आकाराचा (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर आहे, सोबत ५० मि.मी. एफ/२ लेन्स आहे आणि ऑटोफोकस नावालाही नाही.

तिन्हींची परीक्षणे वाचून झाली आहेत आणि वाचून गोंधळ वाढला आहे. जो तो आपापल्या कॅमेऱ्याला 'आत्मा' असल्याचे सांगतो. आठवडाभरात आत्म्याची प्रचिती येण्याची शक्यता कमी असल्यामुळे, त्याऐवजी तपासता येण्याजोगे काय आहे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यावे, असा विचार केला.

माझे फोटो मुख्यतः माणसांचे असतात: घरातली मुले, गप्पा मारत बसलेले लोक, रस्त्यावरची वर्दळ, आणि त्यातले निम्मेअधिक संध्याकाळनंतरच्या अपुऱ्या उजेडातले. मला चष्मा आहे, तोही दूरच्या आणि जवळच्या अशा दोन्ही नंबरांचा. हलत्या माणसांवर रेंजफाइंडरने हाताने फोकस करणे व्यवहारात जमते का, झूमची सवय असलेल्याला एकाच फोकल लेंथमध्ये, म्हणजे एकाच ठरावीक दृश्यकोनात, कोंडल्यासारखे होते का, आणि इतक्या थोड्या दिवसांत कॅमेऱ्याबद्दलचे पहिले आकर्षण व त्याची खरी उपयुक्तता यांची गल्लत कशी टाळावी, हे माझे प्रश्न आहेत.

तिसरा_कोन :

सावलीवेडा, कॅमेरे हाती येण्यापूर्वीच एक काम उरकून घ्या. गेल्या काही वर्षांतले जे फोटो तुम्ही स्वतः निवडून ठेवले आहेत तेवढेच संगणकावर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत कोणती फोकल लेंथ नोंदली आहे ते पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो फोटो काढताना तुम्ही त्या माणसापासून अंदाजे किती अंतरावर उभे होता, हे चित्र पाहून ठरवा. या तीन कॅमेऱ्यांपैकी कोणता तुमचा, हे ठरवणारी मुख्य गोष्ट तुमचे सवयीचे अंतर ही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढचे सगळे त्याच अनुषंगाने लिहितो आहे.

सेन्सरचा विषय आधी बाजूला काढू. जीआर ३ चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, एक्स१००व्हीचा २६ चा, एम१० चा पुन्हा २४ चा. पूर्ण आकाराच्या सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे २.३५ पट असते, म्हणजे समान छिद्र आणि समान शटरवेग धरला तर एम१० ला सव्वा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास लाभ मिळतो. उरलेला हिशेब लेन्सच्या छिद्राचा: एक्स१००व्हीची एफ/२ लेन्स जीआरच्या एफ/२.८ लेन्सपेक्षा दुप्पट प्रकाश आत घेते. जीआर ३ मध्ये सेन्सर स्थिर ठेवण्याची यंत्रणा आहे, जी एक्स१००व्हीमध्ये नाही (२०२४ च्या एक्स१००सिक्समध्ये ती आली) आणि एम१० मध्येही नाही. परंतु ही यंत्रणा तुमच्या हाताचा कंप शोषते, मुलांची पळापळ नाही. तुमच्या विषयांसाठी शटरवेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेता येणार नसल्यामुळे तिचा उपयोग मर्यादितच राहील. एवढे माहीत असले की आठवडाभर शंभर टक्के मोठे करून कोपरे तपासत बसण्याची गरज नाही.

आता रेंजफाइंडरकडे येतो, कारण तिन्हींपैकी तुम्हाला खरोखर अपरिचित असे यंत्र तेच आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून तुम्ही समोरचे दृश्य थेट पाहता. तिच्यापासून ६९ मि.मी.च्या आसपास अंतरावर असलेल्या लहान खिडकीतून तेच दृश्य किंचित वेगळ्या कोनातून आत येते आणि व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात पहिल्यावर येऊन पडते. लेन्सचे कडे फिरवले, की लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेली छोटी चाकी पुढेमागे सरकते आणि आतला प्रकाशमार्ग वळवते. समोरच्या माणसाच्या बुबुळात खिडकीच्या उजेडाची जी तिरीप असते, ती चौकोनात दोन ठिकाणी दिसते; कडे फिरवावे तशी दुसरी पहिलीकडे सरकत येते आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या, की त्या चौकोनाची धूसरता क्षणात जाऊन तो कडक दिसू लागतो. फोकस झाल्याची खूण ती. दोन तिरिपा जुळल्या की नाही यापेक्षा चौकोन कडक झाला की नाही याकडे लक्ष देण्याची सवय लागली, की वेग वाढतो.

या पद्धतीची अचूकता लेन्स कोणती लावली आहे यावर अवलंबून नसते. एम१० च्या व्ह्यूफाइंडरचे मॅग्निफिकेशन ०.७३ पट असल्यामुळे त्या ६९ मि.मी.च्या पायाची (दोन खिडक्यांमधल्या अंतराची) परिणामकारक लांबी ५० मि.मी.च्या जवळ राहते, मग पुढे २८ ची लेन्स असो वा ९० ची. त्यामुळे २८ आणि ३५ मि.मी.ला ही अचूकता गरजेपेक्षा जास्त पडते, ५० ला पुरेशी असते आणि त्यापुढे ओढाताण सुरू होते. ५० मि.मी. एफ/२ लेन्सने एक मीटरवर फोकस केलेल्या माणसाचा स्पष्ट भाग सगळा मिळून पाच सेंटिमीटर असतो. दीड मीटरवर तो साधारण अकरा सेंटिमीटर होतो. एक मीटरवर डोळ्यावर फोकस करून कान धूसर येणार हे गृहीत धरा, आणि फोकस केल्यानंतर तुम्ही अथवा ती व्यक्ती तीन सेंटिमीटर जरी पुढे झुकली तरी डोळाही हातचा गेला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: दोन-अडीच मीटरवर, एफ/४ वर, हलत्या माणसावर जमते आणि अगदी चांगले जमते. एक मीटरवर, एफ/२ वर, खेळणाऱ्या मुलावर जमत नाही, आणि जमते म्हणणाऱ्यांनी टाकून दिलेले फोटो दाखवायला सांगावेत. एम१० हातात असताना हाच प्रयोग करा. एकाच माणसाला आधी दोन मीटरवरून आणि मग एक मीटरवरून बोलता बोलता टिपा, त्याला स्थिर बसायला सांगू नका आणि बिघडलेले फोटो पुसू नका. सर्वोत्तम फोटो तिन्ही कॅमेरे देतील. चुकलेले फोटो कोणत्या कारणाने चुकले, हे मात्र प्रत्येकाचे वेगळे असेल, आणि त्यातले कोणते कारण तुम्हाला सोसवेल यावर निवड ठरेल.

खिशातला_उजेड :

तिसरा_कोन यांच्या विवेचनाशी बव्हंशी सहमत आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. प्रश्नकर्त्याची मूळ तक्रार कॅमेरा कपाटात राहतो ही आहे. त्या तक्रारीवरचा उपाय अंतराच्या आधी वजनात शोधायला हवा. जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅम भरतो, एक्स१००व्ही ४७८ ग्रॅम, आणि एम१० लेन्सशिवायच ६६० ग्रॅम. आठवडाभर नेहमीचेच कपडे घालून, कॅमेऱ्यासाठी वेगळी पिशवी न घेता वावरायचे, एवढी एक अट पाळली, तर तीनपैकी एक कॅमेरा दुसऱ्याच दिवशी घरी राहू लागेल आणि तो कोणता हे मी सांगायला नको.

हलत्या माणसांसाठी जीआरमधला 'स्नॅप फोकस' अवश्य वापरून पाहा, कारण दुकानात पाच मिनिटे कॅमेरा हाताळणाऱ्याला तो कळतच नाही. अंतर आधीच ठरवून ठेवायचे, उदाहरणार्थ २.५ मीटर, आणि बटण अर्धे न दाबता थेट पूर्ण दाबायचे. कॅमेरा फोकस शोधण्याच्या भानगडीत न पडता त्या अंतरावर फोटो घेतो. लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंथ १८.३ मि.मी. असल्यामुळे एफ/५.६ वर साधारण १.४ मीटरपासून १५ मीटरपर्यंतचे सगळे स्वीकारण्याइतके स्पष्ट येते. उजेडात रस्त्यावर याच्यापुढे कोणताही ऑटोफोकस आणि कोणताही रेंजफाइंडर मागेच पडतो.

उणिवाही सांगतो. बॅटरी ठरावीक चाचणीनुसार सुमारे २०० फोटोंचीच आहे, त्यामुळे दुसरी बॅटरी मागून घ्या. भर उन्हात पडदा नीट दिसत नाही. अंधारात ऑटोफोकस अडखळतो, आणि तुमचे निम्मे फोटो तशा वेळचे आहेत, हे विसरू नका. लेन्स आत-बाहेर सरकणाऱ्या कॅमेऱ्यांत धूळ सेन्सरपर्यंत पोचण्याची शक्यता राहते आणि ती घरच्या घरी पुसता येत नाही. उसना कॅमेरा परत देताना एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घेऊन मालकालाही दाखवावा, नंतर वाद नको.

काचेपलीकडे :

चष्म्याबद्दल कोणीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सावलीवेडा यांच्या बाबतीत निकाल तिथेच लागण्याची शक्यता आहे. मीही दोन्ही नंबरांचा चष्मा वापरते.

रेंजफाइंडरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राची मर्यादा उजळ रेषांच्या चौकटीने दाखवली जाते. एम१० मध्ये या चौकटी जोडीने उमटतात: २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५ आणि ५० सोबत ७५. चष्मा लावून ५० ची चौकट आरामात दिसते आणि तिच्याबाहेरचा परिसरही दिसत राहतो, जो या कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. माणूस चौकटीत शिरण्याआधीच तो येतो आहे हे कळते. ३५ ची चौकट चष्म्यातून जेमतेम मावते. २८ ची चौकट एका नजरेत दिसत नाही, डोळा डावीकडे-उजवीकडे फिरवावा लागतो. तुम्हाला मिळणारी लेन्स ५० ची आहे, त्यामुळे पाहताना काहीच अडचण येणार नाही आणि नेमका त्यामुळेच गैरसमज होण्याचा धोका आहे. पुढे ३५ घेण्याचा विचार असेल, तर एम१० च्या पुढच्या बाजूला चौकटी बदलून दाखवणारा खटका आहे, तो सरकवून ३५ आणि २८ च्या चौकटी चष्म्यासकट पाहून ठेवा. त्यासाठी लेन्स बदलावी लागत नाही.

एम१० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये नंबर जुळवण्याची चकती नसते. वेगळे भिंग स्क्रूने बसवावे लागते. आतले दृश्य डोळ्याला साधारण दोन मीटर दूर असल्यासारखे भासते, म्हणून चष्म्याच्या वरच्या, म्हणजे दूरच्या भागातून पाहायचे. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर कॅमेरा थोडा वर धरण्याची सवय अंगी लागते. दृष्टीवैषम्याचा, म्हणजे सिलिंडरचा नंबर असेल तर आणखी एक चाचणी घ्या: चष्मा काढून आडव्या कॅमेऱ्याने फोकसचा चौकोन पाहा, मग कॅमेरा उभा करून तोच चौकोन पाहा. एका स्थितीत तो लख्ख आणि दुसऱ्या स्थितीत दुहेरी, धुरकट दिसत असेल, तर चष्म्याशिवाय रेंजफाइंडर वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

एक्स१००व्हीला नंबरची चकती आहे, हा चष्मेवाल्यांसाठी मोठा दिलासा आहे. दिसायला तो रेंजफाइंडरसारखा असला तरी दोन प्रतिमा जुळवण्याची यंत्रणा त्यात नाही. ऑप्टिकल खिडकी फक्त पाहण्यासाठी आहे, फोकस सेन्सरच करतो. येथे एक मेख आहे. खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला असल्यामुळे, जवळच्या माणसावर फोकसचा चौकोन जिथे दिसतो तिथे सेन्सरच्या लेखी तो नसतो. एक मीटरच्या आसपास तुम्ही चौकोन डोळ्यावर ठेवता आणि फोकस मागच्या भिंतीवर जातो, मग दोष ऑटोफोकसला दिला जातो. मेन्यूमध्ये जवळच्या अंतरासाठी दुरुस्त केलेला दुसरा चौकोन दाखवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करा. अर्ध्या मीटरच्या आत तर ऑप्टिकल खिडकीचा नादच सोडून इलेक्ट्रॉनिक वापरावा. म्हणजे पुन्हा अंतराचाच प्रश्न, तिसरा_कोन यांनी म्हटल्याप्रमाणे.

सावलीवेडा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे निवडक फोटो उघडून पाहिले. फोकल लेंथच्या नोंदी दोन टोकांना गोळा झालेल्या आहेत: बरेचसे २४ वर, त्याहून अधिक ७० वर, आणि मधल्या ३५-५० च्या पट्ट्यात फारच तुरळक. यावरून मला लांबच्या लेन्सची गरज आहे आणि २८ व ३५ हे दोन्ही कॅमेरे बाद आहेत, असा निष्कर्ष काढावा का? अंतराचा अंदाज घेतला तर माणसांचे बहुतेक फोटो दीड ते तीन मीटरच्या दरम्यानचे दिसतात. मुलांचे त्याहून जवळचे.

दुसरे असे, की माझ्या एका परिचितांनी जुना डिजिटल रेंजफाइंडर घेण्याचा सल्ला दिला आहे. एम१० पेक्षा तो आवाक्यात राहील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याबाबत कोणाचे काय मत आहे?

तिसरा_कोन :

असा निष्कर्ष घाईचा होईल. झूम लेन्स हातात असली की माणूस कडे अडेपर्यंत फिरवतो आणि मग थांबतो. त्यामुळे दोन्ही टोकांना गर्दी प्रत्येकाच्याच संग्रहात दिसते. ७० वरचे फोटो पुन्हा पाहा आणि स्वतःला विचारा, की दोन पावले पुढे जाणे शक्य होते का. रस्त्यापलीकडच्या माणसाचा, व्यासपीठावरच्या माणसाचा फोटो असेल तर उत्तर नाही असे येईल आणि ती खरी ७० ची गरज मानावी. पण गप्पा मारणाऱ्या माणसांचे जे फोटो तीन मीटरवरून ७० ने काढले आहेत, ते दीड मीटरवरून ३५ ने जवळजवळ तेवढ्याच आकाराचे आले असते. चेहऱ्याची ठेवण थोडी बदलली असती आणि मागची खोली अधिक दिसली असती, म्हणजे फोटो वेगळा झाला असता. तो तुम्हाला आवडला असता की नाही, हेच या आठवड्यात शोधायचे आहे.

हे शोधण्यासाठी उसन्या कॅमेऱ्यांची वाटही पाहायला नको. तुमच्याच झूमच्या कड्यावर ३५ च्या खुणेपाशी कागदी चिकटपट्टी लावा आणि आजपासून तसेच वावरा. कोंडल्यासारखे वाटते का, या प्रश्नाचे उत्तर कॅमेरे येण्यापूर्वीच मिळालेले असेल आणि तो आठवडा इतर गोष्टींसाठी मोकळा राहील.

चित्राच्या कडा कातरण्याची (क्रॉप करण्याची) सोय आहे, तिच्यावर थोडेफार विसंबता येते. जीआर ३ मध्ये २८ वरून ३५ ला गेल्यास १५ मेगापिक्सेल उरतात आणि ५० ला गेल्यास ७. छापायचे नसेल तर ३५ पर्यंत बिनदिक्कत वापरावे. ४० मि.मी.च्या तोडीचा जीआर ३एक्सही २०२१ पासून आहे, तुमच्या दीड ते तीन मीटरला तो अधिक जुळेल असे मला वाटते. मात्र तो या तिघांत नाही, म्हणून त्याचा विचार जीआर हाताळून झाल्यावरच करावा.

मुलांच्या जवळच्या फोटोंपुरते बोलायचे, तर २३ मि.मी.च्या प्रत्यक्ष लेन्सला एफ/२ वर दोन मीटर अंतरावर साठ सेंटिमीटरचा स्पष्ट पट्टा मिळतो. एम१० वरच्या ५० ला त्याच अंतरावर वीस सेंटिमीटरही मिळत नाही. जवळून, अपुऱ्या उजेडात, छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढणाऱ्याने ५० चा रेंजफाइंडर घेणे म्हणजे सगळ्यांत अवघड पेपर स्वतःहून निवडणे आहे.

जुना_एम :

जुन्या डिजिटल रेंजफाइंडरबद्दल लिहितो, कारण सुरुवातीपासूनचे यातले बहुतेक कॅमेरे वापरून झाले आहेत.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता. २००४ साली एप्सनने आर-डी१ आणला: ६ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, एम माउंट (लायका एमच्या लेन्स बसवण्याची जोडणी) आणि प्रत्येक फोटोनंतर शटर चढवण्यासाठी फिल्म कॅमेऱ्यासारखा खटका. उरलेले फोटो आणि बॅटरी काट्यांनी दाखवणारी तबकडी त्याच्या डोक्यावर आहे. व्ह्यूफाइंडर एकास एक असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते, आणि हे सुख त्यानंतरच्या कोणत्याही एम कॅमेऱ्यात मिळाले नाही. पण रोजच्या कामासाठी आज घेण्याचा तो कॅमेरा नव्हे.

२००६ चा लायका एम८ अवरक्त किरणांना संवेदनशील होता. रेंजफाइंडरच्या रुंद लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ येतो आणि किरण कडांवर फार तिरके पडतात. ते नीट पोचावेत म्हणून सेन्सरवरचे आवरण पातळ ठेवले गेले आणि अवरक्त किरण अडवण्याची क्षमता कमी पडली. त्यामुळे काळे कृत्रिम कापड जांभळट येते. लेन्सवर अवरक्त किरण रोखणारा फिल्टर लावणे हाच त्यावर उपाय आहे. माणसांचे फोटो काढणाऱ्याला प्रत्येक लेन्ससाठी तो फिल्टर बाळगण्याची तयारी हवी.

२००९ चा एम९ हा पूर्ण आकाराचा सेन्सर असलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्याच्या सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरच्या रंगांचे चाहते आजही आहेत, मीही काही अंशी आहे. परंतु त्यातल्या अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरची संरक्षक काच कालांतराने गंजते. लायकाने बरीच वर्षे सेन्सर बदलून दिले आणि पुढे ते थांबवले. एम९ पाहायला गेलात, तर लेन्स एफ/१६ वर बंद करून, फोकस मुद्दाम बिघडवून एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो घ्या आणि पूर्ण मोठा करून पाहा. धुळीचा ठिपका साधा काळपट दिसतो. गंजाच्या ठिपक्याभोवती फिकट वलय असते. सेन्सर बदललेला आहे याचा कागदोपत्री पुरावा नसेल, तर घेऊ नये.

२०१३ च्या एम (टाइप २४०) पासून सीमॉस (नव्या प्रकारचा) सेन्सर आणि पडद्यावर थेट दृश्य आले, आणि याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही: रेंजफाइंडरची जुळणी बिघडली आहे का, हे कोणत्याही उपकरणाविना तपासता येते. सावलीवेडा, उसना एम१० हाती आल्यावर सर्वांत आधी हेच करा. दूरचा एखादा मनोरा किंवा खांब पाहा. लेन्स अनंतावर टेकवली असता चौकोनातल्या दोन्ही प्रतिमा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी जुळायला हव्यात. त्यानंतर एक मीटरवर एखादी छापील ओळ ठेवून चौकोनाने फोकस करा, आणि कड्याला हात न लावता पडद्यावर थेट दृश्य मोठे करून पाहा. तिथे अक्षरे धूसर दिसली, तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, यंत्राचा आहे. हा कॅमेरा एकदा जोरात आपटला तरी जुळणी हलू शकते. न तपासता आठवडाभर धूसर फोटो काढून रेंजफाइंडर आपल्याला जमत नाही असे ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

चौकटीच्या रेषांबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्या. फोकस केल्यावर त्या पॅरलॅक्सनुसार (खिडकी आणि लेन्स यांच्या दृष्टिकोनांतल्या फरकानुसार) सरकतात, पण त्यांचा आकार बदलत नाही. एम१० मध्ये तो दोन मीटरसाठी जुळवलेला आहे. माणूस त्याहून दूर असेल तर फोटोत रेषांबाहेरचेही थोडे येते, आणि जवळ असेल तर रेषांच्या आतले थोडे कापले जाते. तुमच्या दीड ते तीन मीटरला ही गफलत नगण्य राहील.

काचेपलीकडे :

तिन्ही कॅमेरे एकाच वेळी पिशवीत घेऊन हिंडू नका, एवढेच आणखी सुचवते. एका प्रसंगाचा फोटो तीन कॅमेऱ्यांनी काढला, की तुलना चित्रांची होते आणि माणूस पुन्हा कोपऱ्यांच्या स्पष्टतेवर येतो. दोन-दोन दिवस एकेक कॅमेरा घ्या, आणि त्या काळात बाकीचे दोन घरात डोळ्यांआड ठेवा. संध्याकाळचा निदान एक तास प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवा.

एक्स१००व्हीबाबत घरातल्या एलईडी दिव्यांखाली मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही शटरनी फोटो काढून पाहा. त्याचे पानांचे (लेन्समध्येच बसवलेले 'लीफ') शटर मुळातच इतके हळुवार वाजते, की शांततेसाठी इलेक्ट्रॉनिककडे जाण्याची गरज नसते. आणि इलेक्ट्रॉनिक शटरने अशा दिव्यांखाली आडवे पट्टे येण्याची शक्यता असते. गप्पा मारणाऱ्या माणसांत बसून फोटो काढायचे असतील, तर या शटरचे मोल आठवड्याअखेरीस आपोआप कळेल.

सावलीवेडा :

चिकटपट्टी लावली आहे. रेंजफाइंडरची सवय व्हायला वेळ लागेल, म्हणून सुरुवात एम१० पासून करून पहिले तीन दिवस त्याला देतो, त्यानंतर एक्स१००व्ही आणि शेवटी जीआर ३. चुकलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये अंतर आणि कारण यांच्या नोंदीसह जपून ठेवीन आणि याच धाग्यावर मांडीन. एम१० घेताना बॅटरी आणि चार्जरखेरीज आणखी काही मागून घ्यायला हवे का?

जुना_एम :

चष्म्याचा नंबर जुळत असेल आणि मालकाकडे असेल, तर नंबरचे भिंग. शिवाय एक रिकामे कार्ड आधीच घालून घ्या. एम१० मध्ये कार्ड आणि बॅटरी दोन्हीसाठी तळाची पूर्ण पट्टी काढावी लागते, आणि गर्दीत उभे राहून ते करताना ती पट्टी ठेवायला तिसरा हात नसतो. एम११ मध्ये ही पट्टी गेली, पण तुम्हाला मिळणार आहे एम१०. तेव्हा बाहेर पडण्यापूर्वी बॅटरी भरलेली आहे ना, हे घरीच पाहून निघा.